एक मिनिट

फेब्रुवारीतली गोष्ट. हळद काढणीला आली होती, वाळवणासाठी ताडपत्र्या हव्या होत्या. त्या आणायला पुण्याला गेले आणि संध्याकाळी स्वारगेटला वाईची एसटी धरली. पायाशी ताडपत्र्यांचं गाठोडं, मांडीवर पिशवी. शेजारी खिडकीकडे तेवीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा सॅक पोटाशी धरून झोपला होता. गाडी खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ आली आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. नेहमीची रिंग नव्हती ती. चढत जाणारे तीन सूर, क्षणभर शांतता, मग पुन्हा तेच तीन सूर. माझ्या पोटात खड्डा पडला. हात आपसूक पिशवीत जाऊन फोन चाचपू लागला. हा आवाज मी मध्यरात्री ऐकला आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकला आहे, एकदा तर लेक गॅदरिंगमध्ये स्टेजवर उभी असताना ऐकला आहे. कुठेतरी काहीतरी बंद पडलंय आणि ते सुरू करणं तुझ्याकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ. नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली होती.

मुलगा दचकून उठला, लॅपटॉप मांडीवर उघडला, हेडफोन लावले. शिरवळच्या पुढे त्याची रेंज गेली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या मोबाइलला नेट आहे का? पाच मिनिटं हॉटस्पॉट द्याल?" दिला. गाडी खंबाटकी चढू लागली तरी त्याचं बोलणं संपेना, आणि मी ऐकत राहिले. पेमेंट अडकलीत, सर्व्हर तर सगळे चालू दिसतायत, दोनदा रीस्टार्ट केलं, कालपासून कुणी कशाला हात लावलेला नाही. पलीकडचे प्रश्न मला ऐकू येत नव्हते, पण त्याच्या उत्तरांवरून कळत होते. दर दोन मिनिटांनी कुणीतरी "अजून किती वेळ" विचारत होतं. त्याचा वरचा ओठ घामाने ओला झाला होता. शेवटी मला राहवेना. "नेमकं किती वाजता बंद पडलं?" मी विचारलं. "साडेपाचला." "बरोब्बर साडेपाचला?" त्याने स्क्रीनवर पाहिलं. "हो. पाच तीस." आपले साडेपाच म्हणजे ग्रीनिचच्या घड्याळात दुपारचे बारा. यंत्र बिघडतं तेव्हा काट्यावर काटा ठेवून बिघडत नाही. काट्यावर संपते ती मुदत. "सर्टिफिकेटची मुदत संपलीय का बघ," मी म्हटलं. सर्व्हरची ओळख पटवणारा तो दाखला, ठरलेल्या क्षणी बाद होतो.

संपली होती. गाडी सुरूर फाट्याला वळेपर्यंत तिकडे कुणीतरी नवं सर्टिफिकेट बसवलं आणि अडकलेली पेमेंट सुटायला लागली. मुलगा माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही कुठे होतात कामाला?" अर्ध्या तासापूर्वी मी मावशी होते. आता मॅडम झाले होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी पाठ ताठ करून बसले आहे, पदर सारखा केला आहे, चेहरा गरम झाला आहे. मला आनंद झाला होता. वर्षभरात झाला नसेल इतका, अगदी छातीत भरून येईल असा.

वाईच्या स्टँडवर त्याचे वडील स्कूटर लावून उभे होते. लेकाला खिडकीत पाहून त्यांनी हात वर केला आणि सॅक घ्यायला दाराशी आले. मुलगा उतरला तो कानात हेडफोन तसेच ठेवून. तिकडचं आवरतं घेणं अजून चाललं होतं. त्याने वडिलांकडे न बघता उजव्या हाताचं एक बोट वर केलं. एक मिनिट. ते होते तिथे थांबले.

ते बोट मी ओळखलं. ते माझं होतं.

बाबा पुण्याला आमच्याकडे यायचे तेव्हा दुपारी चारच्या सुमाराला पेरू कापायचे. बिया न काढता, उभ्या फोडी, वर तिखट-मीठ. बशी घेऊन ते माझ्या खोलीच्या दाराशी यायचे. मी कॉलवर असायचे. मी मान वळवत नसे, फक्त बोट वर करत असे. ते बशी दाराजवळच्या स्टुलावर ठेवून चपलांचा आवाज न करता परत जायचे. फोडी तशाच राहायच्या, त्यांना पाणी सुटायचं, रात्री मी त्या टाकून द्यायचे. पुढे पुढे त्यांनी दार लोटणंच सोडलं. गावाहून फोन करत तेव्हाही आधी "कशी आहेस" विचारायचे, ते जाऊन पहिलं वाक्य "कॉलवर नाहीस ना?" असं झालं. बहुतेक वेळा मी असायचेच. मग ते घाईघाईने सांगायचे: पाऊस चांगला झाला, आईचा गुडघा बरा आहे, ठेवतो. २०२१ च्या जानेवारीत बाबा गेले. झोपेत गेले, कुणाला हाक मारावी लागली नाही त्यांना. दिवस झाल्यावर एका रात्री मी फोनमध्ये त्यांच्या नावासमोरची यादी बघत बसले. चाळीस सेकंद. एक मिनिट बारा सेकंद. पंचावन्न सेकंद. खूप मागे गेले तरी दोन मिनिटांच्या पुढचा एक फोन सापडला नाही.

नोकरी वाईट होती असं मी म्हणणार नाही, आणि ती सोडलेल्या माणसांनी तसं म्हटलेलं मला आवडतही नाही. २००६ साली मी हिंजवडीला लागले तेव्हा फेज वनच्या पलीकडे भातखाचरं दिसायची, जुलैत बसच्या खिडकीतून चिखलाचा वास यायचा. आमची टीम अकरा जणांची. रात्री तीनला अडलेलं काम सुटलं की आम्ही वाकडला भुर्जीच्या गाडीवर जायचो आणि सगळे एकदम बोलायचो. गुंतलेल्या दोऱ्याचं टोक सापडतं तेव्हा डोक्यात जो लख्ख प्रकाश पडतो, तो मला दुसऱ्या कुठल्या कामाने दिला नाही. स्वयंपाकाने नाही, शेतीनेही नाही. माझ्या पगारावर पुण्यातलं घर झालं, त्याचं कर्ज मुदतीआधी फिटलं, बाबांची बायपास झाली. हे सगळं खरं आहे आणि स्टुलावरची बशीही खरी आहे.

आमचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नसे. ते अमेरिकेच्या घड्याळावर चालायचं. आमचं गिऱ्हाईक शिकागोचं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे जायची आणि रात्री साडेनऊचा कॉल साडेआठला यायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो पुन्हा साडेनऊला जायचा. लेकीला झोपवायची वेळ, भाकरी टाकायची वेळ, नवऱ्याशी बोलायची वेळ, सगळं त्या दोन रविवारांवर हलायचं. दिवाळी उशिरा आली तर थेट त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या तयारीत सापडायची. भाऊबीजेच्या ताटासमोर भाऊ म्हणून मामेभाऊ बसलेला, निरांजन पेटलेलं, आणि मी गॅलरीत फोनवर, ही एका वर्षाची नाही, कित्येक वर्षांची आठवण आहे. घरून काम सुरू झाल्यावर तर दिवसाला काठच उरला नाही. मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा एक अभ्यास आला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त, हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त. २०१६ या एका वर्षात जगभरातले ७ लाख ४५ हजार मृत्यू त्यांनी या लांबलेल्या तासांशी जोडले होते. मी ते रात्री पावणेबाराला अंथरुणात वाचलं, कॉल संपल्यावर. दुसऱ्या दिवसापासून कालनिर्णयच्या पानामागे माझे तास पेन्सिलने मांडायला लागले. पहिल्या आठवड्याची बेरीज ६३ आली. तो हलका आठवडा होता.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा कामगाराला हक्क असावा, असं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडलं होतं. हिंजवडी त्यांच्याच मतदारसंघात येते. ते पुढे गेलं नाही. तेव्हा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आम्ही त्यावर हसलो होतो. असं कसं चालेल, तिकडे सकाळ असते तेव्हा इकडे रात्र. त्या हसण्याचं मला आज फार वाईट वाटतं. आपला वेळ आपला आहे असं कुणीतरी म्हणत होतं आणि आम्हालाच ते खरं वाटत नव्हतं.

राजीनामा द्यायला बाबा गेल्यानंतरही पावणेदोन वर्षं गेली. मग नव्वद दिवसांची नोटीस. सतरा वर्षांची ग्रॅच्युइटी मी स्वतः मोजली: शेवटचा मूळ पगार, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले सतरा. १९७२ चा कायदा महिना सव्वीस दिवसांचा धरायचा, कारण आठवड्याची सुट्टी त्यात वगळलेली असायची. त्या सव्वीसच्या आकड्यावर माझं पेन थांबलं. कंपनीच्या मेडिक्लेममधून आईचं नाव गेलं. नव्या पॉलिसीत तिच्या साखरेला आणि गुडघ्यांना चार वर्षं थांबायचं होतं. त्या उपचारांचे पैसे आम्ही वेगळे काढून ठेवलेत, रोज मनात मोजतो. नवरा पुण्यात कॉलेजवर शिकवतो, शनिवारी येतो. लेक शिकायला नागपूरला आहे. माझं मोकळं होणं नवऱ्याच्या पगारावर आणि माझ्या जुन्या पगाराने फेडलेल्या कर्जावर उभं आहे. माझ्या टीममधल्या एका मुलीने निरोपाच्या दिवशी मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "मलाही जायचंय, पण मला नाही जमणार." तिच्या घरी दोन धाकटे भाऊ शिकत होते. तिला मी काही उत्तर दिलं नाही. आजही माझ्याकडे ते नाही.

आमचं गाव वाईपासून सात किलोमीटर, धोमच्या कालव्याच्या पाण्यावरचं. बाबांची अडीच एकर, त्यात वीस गुंठे हळद. मी एकटीच मुलगी, त्यामुळे वाटणीचा प्रश्न नव्हता. "गावाला किती शांत असेल ना," असं पुण्याच्या मैत्रिणी म्हणतात तेव्हा मला आमच्या शेजारच्या तात्यांची बॅटरी आठवते. शेतीपंपाची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की तात्या एक वाजता उठतात, काठी घेतात आणि उसात दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी सोडायला, जातात. पायाखाली काय आहे ते दिसत नाही, सापाची भीती आहे, आता बिबट्याची आहे. पासष्ट वर्षांचा माणूस. मोटर सुरू झाल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर येतो, आणि ऐन झोपेतून ते ज्या पद्धतीने उठून बसतात, तसं मी सतरा वर्षं उठत होते. फरक एवढाच की त्यांना कुणी रात्रपाळीचा भत्ता दिला नाही आणि त्यांच्या थकव्यावर कुणी अभ्यास छापला नाही. चांगलं आयुष्य शोधत मी ज्या जागी आले, तिथून माणसं चांगलं आयुष्य शोधत हिंजवडीला जातात. एसटीतला तो मुलगा असाच गेलेला असणार.

पहिल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला हळदीचे गड्डे लावले. पाऊस बेताचा झाला, पण सखल कोपऱ्यात पाणी साचलं आणि तेवढ्या भागाला कंदकूज लागली. उपटलेला कंद बोटांनी दाबला की मऊ पडायचा, त्यातून घाण वास यायचा. मी रात्रभर मोबाइलवर उपाय वाचले, वहीत तक्ता केला, सकाळी तात्यांना दाखवला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाले, "पोरी, आधी चर काढ. पाणी निघू दे." दोघांनी मिळून फावड्याने चर काढला. दहा दिवस काही कळलं नाही, सुधारतंय की नाही तेही नाही. हे न कळणं मला सगळ्यात जड गेलं. माझ्या कामात पडद्यावर लाल असलेलं हिरवं व्हायचं, तासाभरात, फार तर रात्रीत. हळद नऊ महिने जमिनीखाली असते आणि काय चाललंय ते सांगत नाही. वाईत विश्वकोशाच्या कार्यालयापाशी मी कधी कधी थांबते. पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. तिमाहीच्या मापाने जगलेल्या मला त्या दोन सालांमधलं अंतर नुसतं मनात आणलं तरी श्वास खोल जातो. इतकी वर्षं माणसांनी एक नोंद, मग दुसरी नोंद असं काम केलं.

गावात पहिले सहा महिने एकच प्रश्न होता: "नोकरी गेली का हो?" सोडली म्हटलं तर कुणाला पटत नसे. बायका आईला बाजूला घेऊन विचारायच्या. आईने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, मला कधी काही बोलली नाही. पण एक सवय तिची अजून गेलेली नाही. माझ्याशी बोलायला आली की ती आधी माझ्या कानाकडे बघते. कानात काही घातलेलं नाही ना, हे पाहून मगच तोंड उघडते. दोन वर्षं मी तिच्यासमोर कानात काही घातलेलं नाही. तरी ती बघते.

त्या मुलाला मी काहीच बोलले नाही. स्टँडवर मला बोलता आलं असतं. बाळा, वडील उभे आहेत, तिकडचं आता चालेल तुझ्यावाचून, एवढंच. गाठोडं उचलून मी रिक्षाकडे चालत राहिले. कुठल्या तोंडाने सांगणार होते? अर्ध्या तासापूर्वी त्याच कामाची चव जिभेवर आली होती आणि मी ती मिटक्या मारत चाखली होती. माझ्या फोनच्या हॉटस्पॉटच्या यादीत त्याच्या लॅपटॉपचं नाव अजून आहे. पुढचे काही दिवस मी ते उघडून बघत होते.

त्याच आठवड्यात हळद निघाली. पाला आधीच कापून ठेवला होता. कुदळीने सरी फोडली की माती निघायची आणि खालून केशरी-पिवळी बोटं. पाच बायका, मी आणि आई, ओट्यावर बसून जेठे गड्डे वेगळे, बगल गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी करत होतो. ओल्या हळदीचा वास कच्च्या आल्यासारखा असतो, थोडा मातकट, थोडा कडू, आणि तो केसांत बसतो. हल्ली शिजवायला वाफेचे कुकर भाड्याने मिळतात, पण त्यांची पाळी लागायला आठवडा होता, म्हणून तात्यांनी त्यांची जुनी कढई बाहेर काढली. संध्याकाळी चुलवण पेटलं. कढईत हळकुंडं, वर पाणी, त्यावर हळदीचाच पाला आणि पोती. दोन-अडीच तास. कच्ची राहिली तर वाळल्यावर ठिसूळ होते, जास्त शिजली तर रंग जातो. फेस वर यायला लागला, पांढरी वाफ निघाली, वास बदलला. ओलेपणा जाऊन आता डब्यातल्या हळदीचा, देवघरातला ओळखीचा वास येत होता. तात्या म्हणाले, "आता बघ काडी घालून."

मी पोतं उचललं, झाऱ्याने एक हळकुंड बाहेर घेतलं, पटकन फुंकर मारली आणि काडी लावली. सगळं लक्ष त्या टोकावर होतं. काडी अडतेय की जातेय, एवढंच जग उरलं होतं. मागून आईच्या चपला वाजल्या. "अगं," ती म्हणाली.

मी बोट वर केलं.

न वळता, न बघता. जाळाच्या उजेडात ते माझ्याच डोळ्यांसमोर होतं, पार पेरापर्यंत पिवळं. चपलांचा आवाज थांबला.

हळकुंड हातात तसंच राहिलं, चटका बसला तेव्हा खाली टाकलं. तात्यांनी वाकून ते उचललं, काडी आरपार घातली आणि जाळ ओढायला सांगितला. मी वळले. आई तीन पावलांवर उभी होती, पदर तोंडाशी धरून, धुरामुळे.

"काय गं आई?"

"काही नाही. चहा ठेवू का विचारायला आले होते."

तिने माझ्या कानाकडे बघितलं. मी गोणपाट झटकलं आणि चुलवणाशेजारी, धूर जात नव्हता त्या बाजूला, तिच्यासाठी पसरलं.